मेंदूतले परजीवी आणि बदललेलं वागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाज्यांचे घाबरवणारे व्हिडिओ फिरू लागले की पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून असे प्रश्न येऊ लागतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असं काहीही ठेवलेलं नाही. ज्यांच्या घरात आत्ता कोणी बेशुद्ध आहे, सलग फिट येते आहे किंवा तापात बरळतं आहे, त्यांनी वाचत बसू नये, १०८ला फोन करावा.

१. कोबी-फ्लॉवरमधला किडा मेंदूत जातो, असा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. खरं आहे का?

व्हिडिओत दाखवतात ती हिरवी अळी असते, पतंगाची किंवा फुलपाखराची. ती चुकून पोटात गेलीच तर पचते. मेंदूपर्यंत पोचतो तो जीव वेगळा आहे: डुकराच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. त्याची अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत. एका मिलिमीटरमध्ये पंचवीस-तीस अंडी ओळीने मावतील इतकी ती लहान असतात. मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा मातीतून ती भाजीवर येतात. कोबीचं नाव येतं ते त्याची पानं एकात एक गुंडाळलेली असतात आणि आपण तो कच्चा खातो म्हणून. त्या हिशेबाने कोथिंबीर, मुळा, गाजर यांचंही नाव घ्यायला हवं. शिजवलेल्या कोबीच्या भाजीला घाबरायचं काहीच कारण नाही.

२. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. तरी भावाच्या एमआरआयमध्ये 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस' लिहून आलं. रिपोर्ट चुकलाय का?

बहुतेक नाही. इथे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी वाढतो, पण त्याने थेट मेंदूत काही होत नाही. त्या माणसाच्या शौचातून मात्र अंडी बाहेर पडतात. ती अंडी ज्याच्या तोंडात जातील, मग तो माळकरी का असेना, त्याच्या आतड्यात फुटतात. त्यातून निघालेली सूक्ष्म पिल्लं रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन पाण्याच्या पुटकुळीसारखी गाठ, म्हणजे सिस्ट करून बसतात. मेंदूतल्या अशा गाठींच्या आजारालाच न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू कुटुंबांत, जिथे डुक्कर घरात येण्याचा प्रश्नच नाही, तिथेही १९९०च्या सुमारास हा आजार सापडला. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणाच्या तरी आतड्यात पट्टकृमी असण्याची शक्यता तेव्हा पुढे आली.

३. पण यामुळे माणसाचं वागणं कसं बदलतं? हा तर फिटचा आजार ना?

फिट हे त्याचं सर्वांत ठळक लक्षण, हे खरंच. पण गाठ मेंदूत कुठे बसली आहे यावर पुढचं ठरतं. कपाळामागच्या भागात असेल तर माणूस निरिच्छ होतो, आंघोळीचाही कंटाळा करतो, किंवा उलट ताळतंत्र सोडून बोलू लागतो. कानशिलाच्या आतल्या भागात असेल तर भीतीचे अचानक झटके, नसलेले वास येणं, 'हे सगळं आधी घडून गेलंय' असं वाटणं, संशय, भास असं काहीही होऊ शकतं. गाठींमुळे मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडला तर सुस्ती आणि विसराळूपणा येतो, आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात.

ब्राझीलमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूरॉलॉजी विभागातले ३८ रुग्ण तपासले होते. सुमारे दोन तृतीयांश जणांत काही ना काही मानसिक लक्षणं होती आणि निम्म्याहून अधिक जणांत नैराश्य. हा आकडा उलटा वाचू नका, एवढीच विनंती. या गाठी असलेल्यांपैकी पुष्कळांना नैराश्य होतं, इतकंच तो सांगतो. नैराश्य असलेल्यांच्या डोक्यात गाठी असतात असं तो म्हणत नाही.

४. गावाहून पुण्यात येऊन आम्हाला कितीतरी वर्षं झाली. आता कुठून आला हा आजार?

लागण जुनी असू शकते. जिवंत गाठ शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला चकवून वर्षानुवर्षं गप्प राहते. ती मरू लागली की शरीराला तिचा पत्ता लागतो, भोवती सूज येते आणि लक्षणं सुरू होतात. भारतात नोकरी करून परतलेल्या सैनिकांसह ४५० ब्रिटिश रुग्णांचा आढावा १९६१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लागण आणि लक्षणं यांच्यात साधारणपणे काही वर्षांचं अंतर दिसलं, पण काहींच्या बाबतीत ते दशकांचं होतं. त्यामुळे 'मागच्या महिन्यात हॉटेलात सॅलड खाल्लं त्याचं हे' असा माग काढण्यात अर्थ नसतो.

५. सासूबाई वर्षभर उदास आहेत. सायकॅट्रिस्टनी एमआरआय सांगितलाच नाही. आम्ही आमचा करून घ्यावा का?

सरसकट उत्तर: नाही. नैराश्य, चिंता, स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार अतिशय सर्रास आढळतात आणि त्यांतल्या बहुतेकांत परजीवीचा काही संबंध नसतो. स्कॅन नॉर्मल आला की काही घरांत 'म्हणजे आजारच नाही, नाटक आहे' असा निष्कर्ष निघतो. ते नुकसान एमआरआयच्या बिलापेक्षा मोठं.

काही खुणा मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावरून चित्र बदलतं. आयुष्यात कधीही फिट आली होती का? मध्येच नजर स्थिर करून, ओठ चावल्यासारखे हलवत, हाक मारली तरी उत्तर न देणं असं काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं होतं का? घरचे याला 'तंद्री' म्हणतात आणि डॉक्टरांना सांगायचंच विसरतात, म्हणून ही खूण मी सर्वांत वर ठेवते. पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या, दिसणं धूसर होणं, हातापायात एका बाजूची कमजोरी, मानसिक लक्षणांसोबत ताप किंवा वजनात घट. तसंच, आधी कधीही काही नसलेल्या माणसात चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच भास सुरू होणं, किंवा सकाळी ठीक आणि संध्याकाळी तारीख-वेळ न कळणं. यातलं काही असेल तर 'मेंदूचा फोटो काढायला हवा का?' असं स्पष्ट विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

६. एमआरआयमध्ये डाग निघाला. म्हणजे दादाच्या स्किझोफ्रेनियाचं कारण सापडलं ना?

या पानावरचं सर्वांत अवघड उत्तर हेच. डाग सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. या परजीवीचा वावर असलेल्या भागात कित्येकांच्या डोक्यात एखादा जुना, चुना साठून कडक झालेला ठिपका असतो आणि त्यांना कधीही काही झालेलं नसतं.

संबंध जोडायचा तर काही गोष्टी जुळाव्या लागतात. गाठ किंवा सूज आत्ता सक्रिय आहे का? ती ज्या भागात आहे त्या भागाशी लक्षणं मेळ खातात का? मानसिक त्रास आणि फिट एकाच सुमारास सुरू झाले का? सूज उतरल्यावर त्रास उतरतो का? तुमच्या दादाला विसाव्या वर्षापासून आवाज ऐकू येत असतील, काकांनाही तोच आजार असेल आणि ठिपका एकच, जुना आणि लांबच्या कोपऱ्यात असेल, तर ठिपक्याला दोष देऊन मानसोपचाराच्या गोळ्या बंद करणं घातक ठरेल. 'वेड नव्हतंच, किडा होता' या वाक्याने घराला किती हलकं वाटतं, ते समजतं. तरीही त्या वाक्यासाठी चालू उपचार मोडू नका. ठिपका असला-नसला तरी भासांवरचं औषध लागतंच.

७. रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा, सिस्टिसर्कस किंवा ट्युबरक्युलोमा' असं दोन्ही लिहिलंय. टीबी की जंत?

ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेची छोटी गाठ. ती पट्टकृमीची असेल तर सिस्टिसर्कस, टीबीची असेल तर ट्युबरक्युलोमा. आपल्याकडे हा पेच रोजचा आहे, कारण दोन्ही आजार मुबलक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोलाचं काम केलं. फिट येऊन गेलेली, बाकी ठणठणीत व्यक्ती, एकच गाठ, २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला ढकलला जाईल इतकी सूज नाही आणि शरीरात इतरत्र टीबी नाही, तर बहुधा ती सिस्टिसर्कसच. गाठीच्या आत कृमीचं डोकं एखाद्या ठिपक्यासारखं दिसलं तर शंकाच मिटते. चुना साठलेले जुने ठिपके एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनमध्ये चांगले दिसतात, म्हणून कधी कधी दोन्ही करायला सांगतात. ते पैसे उकळण्यासाठीच असेल असं नाही. एकच गाठ असेल तर रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. 'रक्तात नाही म्हणजे आजार नाही' असं समजू नका.

८. मेडिकलमधून अल्बेंडाझोल हे जंताचं औषध घेऊन कोर्स करून टाकला तर? शाळेत तर मुलांना देतातच.

करू नका. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, मुलांना मिळते ती एक गोळी आतड्यातल्या गोल जंतांसाठी असते आणि ती जरूर घ्यावी. मेंदूतल्या गाठींचा कोर्स पूर्ण वेगळा. औषधाने गाठ मरू लागली की सूज वाढते, म्हणून सोबत स्टेरॉइड आणि फिटचं औषध लागतं. गाठ डोळ्यात असेल तर नजर जाऊ शकते, म्हणून आधी डोळे तपासतात. गाठी असंख्य असून सगळा मेंदू सुजला असेल, किंवा पाणी अडून डोक्यातला दाब वाढला असेल, तर हे औषध जिवावर बेततं. तिथे आधी दाब आणि सूज उतरवतात. आणि चुना साठलेला ठिपका म्हणजे मेलेली गाठ. तिला मारायला औषध देण्यात अर्थच नाही.

९. गाठ गेली की मन ताळ्यावर येतं का?

सुजेमुळे आलेला गोंधळ, भास आणि चिडचिड पुष्कळदा सुजेबरोबर ओसरतात. एकच लहान गाठ तर काही महिन्यांत आपोआपही विरघळते. नैराश्य मात्र चिवट असतं. त्याच्यामागे मेंदूतला बदल असतो, तशीच फिटची धास्ती, सुटलेली नोकरी आणि घरात दबक्या आवाजात चाललेल्या चर्चाही असतात. त्यावर वेगळे उपचार लागतात. मानसोपचाराची औषधं निवडताना फिटचा विचार करावा लागतो. उदाहरणार्थ बुप्रोपिऑन आणि क्लोझापिनने फिटचा धोका वाढतो. म्हणून दोन डॉक्टर असतील तर दोघांच्याही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा.

१०. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगा उलट जास्तच आक्रमक झाला. आजार वाढतोय का?

वाढत असेलही, पण आधी गोळ्यांची यादी बघा. लेव्हेटिरासिटाम हे फिटचं उत्तम आणि सर्रास दिलं जाणारं औषध, पण काही जणांत त्याने चिडचिड, रडू येणं, संशय, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. स्टेरॉइडने झोप उडते, माणूस अवास्तव उत्साहात येतो, रात्री दोन वाजता कपाट आवरायला काढतो, काहींना भासही होतात. कार्बामाझेपिन या फिटच्या औषधाने रक्तातलं सोडियम घसरलं तर गोंधळलेपण येतं, विशेषतः ज्येष्ठांमध्ये.

म्हणून कुठली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि वागणं कधी बदललं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही नोंद डॉक्टरांना नव्या स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते. गोळी मनाने बंद करू नका. फिटचं औषध एकदम तोडलं तर सलग फिट येऊ शकतात, आणि दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं. त्याच दिवशी फोन करून पर्याय विचारा, पर्याय असतात. मरणाचे विचार बोलून दाखवत असेल तर त्याला एकटं सोडू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

११. फिट आल्यानंतर दोन दिवस वहिनी अगदी नॉर्मल होत्या, मग एकदम 'मला देवीने निवडलंय' म्हणू लागल्या. घरचे देवर्षीकडे न्यायचं म्हणतायत.

फिटनंतर, विशेषतः लागोपाठ फिट आल्यावर, एक-दोन दिवस किंवा कधी त्याहून अधिक दिवस शुद्ध बरे जातात आणि मग भास, धार्मिक भव्यतेच्या कल्पना, संशय, आक्रमकपणा सुरू होतो. याची वैद्यकात चांगली नोंद आहे. मधल्या बऱ्या दिवसांमुळेच घरच्यांना फिटशी संबंध लक्षात येत नाही. योग्य औषधांनी हे बहुतेकदा काही दिवसांत ते काही आठवड्यांत शमतं, पण त्या काळात माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकतो. देवळात जाऊन आलात तर कुणाची हरकत नाही, पण आधी दवाखाना. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

१२. घरात दोन मांजरं आहेत. मांजरामुळे स्किझोफ्रेनिया होतो म्हणे?

मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीबद्दल हा प्रश्न असतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत या लागणीच्या खुणा जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, पण जास्त आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. रक्तात आयजीजी (लागणीनंतर शरीरात राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी लागण होऊन गेली, इतकंच. त्या रिपोर्टवर मानसिक आजाराचे उपचार बदलत नाहीत. लागण अर्धकच्च्या मांसातूनही होते.

खरी काळजी दोन ठिकाणी. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, म्हणून त्या काळात मांजराची विष्ठा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आणि रोजच्या रोज काढावी, कारण ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. दुसरं, एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी (रक्तातल्या संरक्षक पेशी) १००च्या खाली गेल्या असतील तर जुनी दबलेली लागण मेंदूत उसळते आणि गोंधळ, विचित्र वागणं हेच पहिलं लक्षण असू शकतं. वेळेत ओळखलं तर उपचार चांगले लागू पडतात. मांजरांना घराबाहेर काढू नका.

१३. मलेरियात बाबा बरळत होते. पुढे मानसिक आजार होईल का?

तापात बरळणं ही तातडीची अवस्था आहे. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा गंभीर प्रकार मेंदूवर आला असेल तर तासांचा हिशेब असतो. बरे झाल्यावर बहुतेक मोठी माणसं पूर्ववत होतात. थोड्यांना काही काळ गोंधळ, हातांची थरथर किंवा भास होतात आणि ते बहुधा आपोआप निवळतात. मेफ्लोक्विन हे मलेरियाचं औषधही स्वतः मानसिक लक्षणं आणतं. गंमत म्हणजे, व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ युलिउस वाग्नर-याउरेग यांना १९२७चं नोबेल मिळालं ते मेंदूवर गेलेल्या सिफिलिसच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया देण्याच्या उपचारासाठी. पेनिसिलिन आल्यावर तो प्रकार इतिहासजमा झाला.

१४. भावाला हा आजार आहे. आम्हाला लागेल का? स्वयंपाकाच्या मावशींना काढून टाकावं का?

मेंदूतली गाठ कुणाला लागत नाही. एकत्र जेवा, एकत्र राहा. पण अंडी कुठून आली याचा शोध घरातच सुरू करणं शहाणपणाचं, कारण पट्टकृमी रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातही असू शकतो. शौच तपासायचं तर सगळ्यांचं तपासा, घरमालकांसकट. मावशींना एकट्यांना बोट दाखवणं अन्याय्य आहे आणि उपयोगाचंही नाही. सापडला तर आतड्यातल्या पट्टकृमीवर सोपं औषध आहे. मात्र ज्याच्या मेंदूत गाठी आहेत त्याने तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं (प्रश्न ८).

१५. सिंहगड रोडला जीबीएसची साथ आली होती तेव्हापासून पाण्याची भीती बसली आहे. टँकरच्या पाण्यातून हे होईल का?

जानेवारी २०२५ची ती जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ वेगळी होती, तिचा परजीवीशी संबंध नव्हता. पण दूषित पाणी हा दुवा समान आहेच. पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीनने पट्टकृमीची अंडी मरतीलच असं नाही. उकळलं की मरतात, आणि चांगल्या फिल्टरमध्ये अडकतात. भाज्यांना पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवून निर्धास्त होऊ नका. वाहत्या पाण्याखाली पान न पान चोळून धुणं जास्त कामाचं. डुकराचं मांस खात असाल तर आतपर्यंत नीट शिजवा. आणि शौचानंतर व कणीक मळण्याआधी साबणाने हात.

१६. लग्न ठरतंय. सांगावं का? आणि गाडी चालवता येईल?

सांगावं, असं माझं मत. लपवलेली गोळी कधीतरी सापडतेच. १९९९च्या दुरुस्तीनंतर फिटचा आजार हा हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडथळा राहिलेला नाही. मुलगी फिटची गोळी घेत असेल तर गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांना भेटावं, कारण व्हॅलप्रोएट गर्भाला घातक आहे. गाडीचं म्हणाल तर लायसन्सच्या फॉर्ममध्येच फिट येते का हे विचारलेलं असतं. न्यूरॉलॉजिस्ट हो म्हणेपर्यंत दुचाकीच्या हँडलला हात लावू नका.

१७. पुण्यात आधी कुणाकडे जायचं, न्यूरॉलॉजिस्ट की सायकॅट्रिस्ट?

फिट, ताप, उलट्या, कमजोरी असेल तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन. नुसते भास-उदासी असतील तर सायकॅट्रिस्ट. ते गरज पडली तर पुढे पाठवतात. खर्चाचा प्रश्न असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात दोन्हीची सोय एका आवारात आहे. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय मानसिक आजारासाठी. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो. जाताना स्कॅनचा कागदी रिपोर्ट पुरत नाही, फिल्म किंवा सीडी न्या. आणि तंद्रीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ असेल तर तो पहिला दाखवा.

१८. आई मान खाली घालून उठली की डोकं फुटेल असं दुखतं, उलटी होते, क्षणभर काही कळत नाही. मग ठीक. हाही मानसिक प्रकार का?

नाही, आजच दाखवा. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत सुटी फिरणारी गाठ मान हलल्यावर वाट अडवू शकते. इतर कारणंही असतात, पण कुठलंच घरी थांबून पाहण्यासारखं नाही.

१९. सगळे स्कॅन नॉर्मल. तरी आत्या म्हणते त्वचेखाली, डोक्यात किडे वळवळतात. डबीत खपल्या गोळा करून आणते. कोणत्या तपासणीत सापडेल?

बहुधा कोणत्याच नाही. परजीवी नसताना तो असल्याची अढळ खात्री, हा स्वतंत्र आणि ओळखीचा आजार आहे. डबीत, काडेपेटीत 'पुरावे' आणणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. आधी खरुज, उवा, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, मधुमेहातल्या मुंग्या ही कारणं एकदा नीट तपासून घ्यावीत. ती नसतील तर पुन्हा पुन्हा स्कॅन करून काही हाती लागत नाही, उलट प्रत्येक नव्या तपासणीने खात्री घट्ट होते. 'किडे नाहीतच' असा वाद घालू नका, 'हो, दिसले' असंही म्हणू नका. वळवळ आणि त्यामुळे उडालेली झोप खरी आहे, ती कमी करणारं औषध सायकॅट्रिस्टकडे मिळतं, असं सांगून न्या. अनेकजण त्वचारोगतज्ज्ञाला सोडून दुसरीकडे जायला तयार नसतात. अशा वेळी त्या त्वचारोगतज्ज्ञालाच आधी फोन करून कल्पना द्या. तेही ही औषधं सुरू करू शकतात.